गावातली बारव किंवा जुनं मंदिर राज्य संरक्षित करायचंय? मग आधी सातबारा काढा

गावातली बारव, गढी, पडकं मंदिर राज्य संरक्षित स्मारक व्हावं असं वाटलं की बहुतेक लोक फोटो काढतात आणि आमदारांना निवेदन देतात, पण फाईल अडते ती जमिनीच्या कागदांवर. सरकार जी अधिसूचना काढतं त्यात गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मालकी हे सगळं येतं, ते नसेल तर मंदिर कितीही देखणं असो, प्रस्ताव पुढे सरकत नाही.

म्हणून सातबारा आधी. गावठाणात असेल आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर प्रॉपर्टी कार्ड, नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना ८. नाव कुणाचं लागलंय ते नीट बघा, कधी देवस्थान इनाम (देवाच्या नावाने दिलेली जमीन) असतं, कधी एकाच घरातल्या चार-पाच वारसांची नावं असतात, मग त्या सगळ्यांशी आधीच बोलून घ्या. संरक्षित झालं की जागा सरकारची झाली अशी भीती असते, तसं नाहीये, अधिसूचनेमुळे मालकी बदलत नाही, पण नंतर बांधकाम किंवा बदल मनाने करता येत नाहीत हेही तेवढंच स्पष्ट सांगा. १०० मीटरच्या बांधकामबंदीची जी चर्चा असते तो नियम केंद्राच्या कायद्यातला, केंद्र संरक्षित स्मारकांसाठीचा. हे बोलणं झाल्यावर ग्रामसभेचा ठराव घ्या, मोजणी नकाशा भूमी अभिलेखमधून काढा.

आता वर्णन. इथे कळकळीने सांगतो, दगडी दिसलं की 'हेमाडपंती' आणि 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' असं लिहून मोकळं होऊ नका. जे दिसतंय ते लिहा. बारव असेल तर पायऱ्या किती बाजूंनी उतरतात, कोनाडे किती, त्यात मूर्ती आहेत का, दगड चुन्यात बसवलेत की नुसते एकमेकांवर रचलेत, पाणी उन्हाळ्यात टिकतं का. नंतर घातलेलं सिमेंट, ऑइलपेंट, टाइल्स लपवू नका, तेही लिहा आणि फोटो टाका. दंतकथा वेगळ्या परिच्छेदात, दंतकथा म्हणूनच. शिलालेख असेल तर खडू, तेल, शेंदूर काहीही न लावता सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, अक्षरं छान उठतात, शेजारी मोजपट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. आधारासाठी जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) चाळा आणि इनामाचा उल्लेख असेल तर पुण्यातल्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, शोधा, एक अस्सल कागद दहा पानी गौरवापेक्षा जड ठरतो.

हे सगळं आपल्या विभागाच्या पुरातत्त्व सहायक संचालकांच्या ऑफिसात द्या, एक प्रत मुंबईला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयात, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. पुढे पाहणीला अधिकारी आले की सोबत फिरा. खूप महिने काहीच कळलं नाही तर २००५ च्या माहिती अधिकारात फाईलची सद्यस्थिती विचारा, भांडायची गरज नसते. (महापालिका हद्दीतला वाडा असेल तर शहराच्या हेरिटेज यादीचा रस्ता वेगळा, तो नगररचनेच्या नियमांतून जातो.)

प्रस्ताव पटला तर १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने असतात, मग अंतिम. त्या दोन महिन्यांत अधिसूचनेतला गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी ओळीने ताडून बघा, चूक दिसली तर लगेच लेखी कळवा आणि त्याचीही पोच घ्या.