‘लोटलं’ की ‘फेकलं’? : कायद्यातल्या नव्या संशोधनात शिरताना

एलएलबीनंतर दोन वर्षं मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात ज्युनिअर म्हणून बसले. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणातला एक साक्षीदार म्हणाला, ‘त्यानं मले लोटलं.’ नोंदीत ते ‘ढकलून दिले’ झालं. पुढे अपिलासाठी इंग्रजी भाषांतर झालं, त्यात ‘जमिनीवर फेकले’ अशा अर्थाचं क्रियापद येऊन बसलं. माणूस तोच, धुरा तोच, मार मात्र दर कागदागणिक वाढत गेला. तेव्हा आम्ही सगळे हसलो. शब्द बदलला की साक्ष कशी बदलते, हाच आपला विषय आहे हे कळायला मला आणखी तीन वर्षं लागली.

एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला) असताना लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग वाचनात आला. 45 विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. ‘चक्काचूर होऊन आदळल्या’ असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी 40 मैलांहून थोडं जास्त, ‘टेकल्या’ म्हटलं तर 32 च्या आत. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलेलीच नव्हती, तरी जोरदार क्रियापद ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना ती ‘आठवली’. मला आमचा साक्षीदार आठवला. आता न्यायालयांचे निकाल मशीनकडून भाषांतरित होऊ लागलेत. सर्वोच्च न्यायालयाचं ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. मग वऱ्हाडीतल्या ‘लोटलं’चं काय होईल? कायदा, मानसशास्त्र आणि एआय ही तीन खाती मला वेगळी वाटेनाशी झाली ती तिथून.

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली, ती सविस्तर सांगते. इस्राएलमधल्या पॅरोल मंडळांवरचा 2011 चा एक अभ्यास फार गाजलेला आहे. 1,112 निर्णय तपासले, तर सुटीनंतर लगेच अनुकूल निर्णयांचं प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास, आणि पुढची सुटी येईपर्यंत ते शून्याजवळ घसरलेलं. ‘भुकेला न्यायाधीश कठोर होतो’ असं म्हणत मी सेमिनारमध्ये तो ऐटीत मांडला. टाळ्याही पडल्या. मग मागच्या बाकावरून एका मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘बोर्ड कोण लावतं?’ बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची क्रमवार यादी.

मी गप्प. तालुका कोर्टात दोन वर्षं काढलेल्या मला हे सुचू नये? आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल की प्रकरणं चिठ्ठ्या टाकून पुकारत नाहीत. कोणाचा वकील हजर आहे, कोणाचा नाही, यावर क्रम ठरतो. त्या पॅरोलच्या अभ्यासावर 2011 मध्येच दोन अभ्यासकांनी नेमका हा आक्षेप घेतला होता: वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं बहुधा सुटीच्या आधी, सत्राच्या शेवटी येत होती. घसरणीचं निदान काही कारण पोटात नसून बोर्डात असू शकतं. म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं: पीएच.डी.च्या घाईत कोर्टातली वर्षं वाया गेली असं समजू नका. इंग्रजी कच्चं असेल, पण बोर्ड कसा लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते पुस्तकात सापडत नाही.

एआयकडे वळताना गणिताची भीती वाटली. खरं तर आधी चार खणांचा तक्ता पुरतो: मशीन हो म्हणालं आणि खरं निघालं, हो म्हणालं आणि खोटं निघालं, तसंच ‘नाही’चं. अमेरिकेतल्या ‘कॉम्पास’ या गुन्हा-धोका मोजणाऱ्या प्रणालीवरचा वाद या तक्त्यावरच उभा आहे. 2016 मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी दाखवलं की पुन्हा गुन्हा न केलेल्यांपैकी कृष्णवर्णीय 44.9 टक्के आणि गोरे 23.5 टक्के चुकून ‘जास्त धोक्याचे’ ठरले. कॉम्पास बनवणारी कंपनी म्हणाली, आमचा अंदाज दोन्ही गटांसाठी सारखाच खरा ठरतो. दोघांचं गणित बरोबर होतं! दोन गटांत पुन्हा गुन्ह्याचं मूळ प्रमाण वेगळं असेल, तर न्याय्यतेच्या या दोन व्याख्या एकत्र बसत नाहीत, हे नंतर संशोधकांनी सिद्ध केलं.

हे वाचताना मला आमच्याकडचे पारधी बेडे (वस्त्या) दिसत होते. 1871 च्या कायद्याने जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा 1952 मध्ये गेला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे वळते हे गावाला माहीत आहे. उद्या ठाण्यातल्या नोंदींवर मशीन शिकवलं तर ते गुन्हा शिकेल की गाडीचा रस्ता? कॉम्पास वंश विचारतच नव्हतं, तरी हे घडलं. विषय शोधायला बोस्टनला जायची गरज नाही.

बाकीचं भराभर. पेपर विकत घेऊ नका; गूगल स्कॉलरवर मोफत प्रत सापडते, नाहीतर लेखकाला दोन ओळींचा मेल करा, बहुतेक जण पाठवतात. आधीचे प्रबंध शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. भारतीय बाजूची सुरुवात 2010 च्या सेल्वी निकालापासून करा: संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या चालणार नाहीत असं त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलला पैसे देऊ नका (मी 2,500 रुपये दिले होते, माझ्या प्रकाशनांच्या यादीत तो लेख आता लपवावा लागतो). आणि चॅटबॉटने दिलेला प्रत्येक निकाल मूळ संकेतस्थळावर उघडून बघा. मला त्याने एकदा नागपूर खंडपीठाचा इतका सुरेख निकाल दिला की तो अस्तित्वात नाही याचंच वाईट वाटलं. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली असेच बनावट निकाल कोर्टात दिल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला.

मुलाखती घ्यायच्या असतील तर नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि संमतीपत्रही. माझं दोन पानी होतं, शुद्ध मराठीत, समितीला फार आवडलेलं. पहिल्याच घरी एका आजीने ते उलटंसुलटं करून परत दिलं. ‘बोलाचं तर बोलतो वं पोरी, पन सही नाई. सासऱ्यानं असाच एका कागदावर आंगठा देल्ला होता, वावर गेलं.’ मी अर्ज पुन्हा समितीकडे नेला: सहीऐवजी तोंडी संमती, तीही त्यांच्या बोलीत समजावून, रेकॉर्ड करून. चार महिने गेले. सोयाबीन निघून गेलं, आजी कापूस वेचायला जाऊ लागली होती, म्हणून मुलाखत शेवटी धुऱ्यावर बसूनच झाली.