साल्हेर चढायचा तर वाट कोणती?

धुळे-साक्रीकडून साल्हेरला निघणाऱ्यांनी घरीच एक गोष्ट ठरवावी: उतरताना कुठून यायचं. १,५६७ मीटरचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि पाय थकतात ते उतारावर.

दोन वाटा जास्त वापरात आहेत. ताहाराबाद-मुल्हेर रस्त्याने गेलं की आधी वाघांबे गाव लागतं. तिथून वाट साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत चढते, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या. कोरड्या दिवसांत मी हीच सुचवेन. खिंडीत बसून दम घेता येतो, आणि कुणाला पुढे जमणार नसेल तर ते तिथेच कळतं; परत फिरायला लाज कसली? पावसात मात्र याच पायऱ्यांवर शेवाळ धरतं. चढताना पाय टिकतो, उतरताना टाच सरकते. दुसरी वाट साल्हेरवाडीकडून, दरवाजांमागून दरवाजे ओलांडत वर जाते.

एका वाटेने चढून दुसरीने उतरण्याचा मोह होतो. तसं करायचं तर गाडी उतरायच्या गावात आधीच लावा, नाहीतर दमलेल्या पायांनी डांबरी रस्ता तुडवावा लागेल.

आपल्याकडचं ऊन ठाऊक आहेच. मार्चनंतर उजाडतानाच चढायला लागा आणि माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या. वर गंगासागर तलाव आहे, पण त्याच्या भरवशावर निघू नका. निघण्यापूर्वी गावात विचारा, ‘दादा, वाट सध्या कशी आहे?’ गुरं चारणाऱ्याला जे ठाऊक असतं ते मोबाइलच्या नकाशात नसतं.