मिडी कीबोर्डवरून मॉड्युलर सिंथेसायझर तंबोऱ्याच्या सुरात वाजवणे

मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना सूचना पाठवण्याची पद्धत; तिच्या केबलमधून ध्वनी जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, यांचे आकडे तेवढे जातात. मॉड्युलर सिंथेसायझरला, म्हणजे सुटी मॉड्यूल केबलने जोडून बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याला, मात्र फक्त व्होल्टेज कळते, म्हणून या दोहोंमध्ये आकड्यांचे व्होल्टेज (सीव्ही) करणारा मिडी-टू-सीव्ही इंटरफेस बसवावा लागतो. सांगली-मिरजेकडे तंबोरा हाताशी असतोच. त्याच्या साथीला मॉड्युलर वाजवायचा असेल, तर जोडणीपेक्षा सूर जुळवण्याला जास्त वेळ द्यावा.

युरोरॅक (मॉड्यूल बसवायचा रॅक) बंद करून इंटरफेस बसवावा आणि रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला आहे, याची दोनदा खात्री करावी, कारण उलटी केबल मॉड्यूल जाळू शकते. कीबोर्डचा मिडी आउट इंटरफेसच्या मिडी इनला जोडून दोन्हीकडे एकच चॅनेल ठेवावे. पिचचे (स्वराच्या उंचीचे) आउटपुट स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरच्या १ व्होल्ट प्रति ऑक्टेव्ह (सप्तक) या सॉकेटमध्ये, गेट (पट्टी दाबलेली असल्याचा संकेत) आवाजाचा चढ-उतार ठरवणाऱ्या एन्व्हलपमध्ये आणि एन्व्हलपचे आउटपुट आवाज लहान-मोठा करणाऱ्या व्हीसीएमध्ये गेले, आणि ऑसिलेटरचा ध्वनी व्हीसीएमधून स्पीकरकडे नेला, की पट्टी दाबताच स्वर उमटतो.

आता खरे काम सुरू होते. ऑसिलेटरला अर्धा तास तापू द्यावे आणि उन्हाळ्यात पंख्याचा झोत रॅकवर येऊ देऊ नये, कारण तापमान बदलले की अॅनालॉग ऑसिलेटरचा सूर सरकतो. मग पिचच्या केबलच्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावून मधल्या सप्तकातली पांढरी एक आणि तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी एक दाबून पाहावी. दोन्ही वेळच्या व्होल्टेजमध्ये बरोबर १ व्होल्टचा फरक हवा, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ८३ मिलिव्होल्टचा. हा फरक चुकत असेल तर इंटरफेस कॅलिब्रेट करावा. फरक अचूक असूनही वरचे सप्तक बेसूर लागत असेल, तर ऑसिलेटरचा ट्रॅकिंगचा ट्रिमर (सप्तकांमधले अंतर जुळवणारा छोटा स्क्रू) अगदी थोडा थोडा फिरवावा. कोर्ग एमएस-२० सारखी काही जुनी वाद्ये हर्ट्झ प्रति व्होल्ट या पद्धतीने चालतात, म्हणजे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होते. त्यांच्यासाठी इंटरफेसमध्ये तीच पद्धत निवडावी लागते.

मींड घ्यायची असेल तर पिच बेंडचा (कीबोर्डवरून स्वर वर-खाली सरकवण्याच्या सोयीचा) पल्ला वाढवावा. नेहमीचा पल्ला वर-खाली दोन पट्ट्यांचाच असतो आणि त्यात षड्जापासून पंचमापर्यंतची मींड बसत नाही. त्यासाठी निदान सात पट्ट्यांचा पल्ला लागतो.

तंबोऱ्यासमोर बसल्यावर शुद्ध गंधार चढा वाटेल, आणि तो खरोखरच चढा असतो. तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा कीबोर्डचा गंधार सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर असतो, आणि व्होल्टेजमध्ये हा फरक जेमतेम १२ मिलिव्होल्टचा आहे. यार्न्ससारख्या काही इंटरफेसमध्ये रागाप्रमाणे स्वरस्थाने निवडण्याची सोय असते आणि माझ्या मते तंबोऱ्याबरोबर वाजवणाऱ्याने असाच इंटरफेस घ्यावा. मात्र ही स्वरस्थाने ठरलेल्या षड्जावरून मोजली जात असल्यामुळे, काळी एक सोडून काळी चारमध्ये वाजवायचे झाल्यास इंटरफेसमधला षड्जही बदलावा, नाहीतर उतरवलेला गंधार भलत्याच पट्टीवर लागतो.