कूलंटची टाकी बदलताय? आधी पाइप तपासा

फोक्सवॅगनच्या पोलो-व्हेंटो गाड्यांत कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीला चीर पडते ती बहुतेक वेळा दोन भागांच्या सांध्यावर. तापून-निवून प्लास्टिक पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं. तिथे सुकलेले गुलाबी डाग दिसले तर एम-सील लावत बसू नका. जुन्या मारुतीतली ओव्हरफ्लोची बाटली वेगळी, तिच्यात दाब नसतो. ही टाकी मात्र दाबाखाली चालते. घाटात ती फुटली तर इंजिन तापून थेट हेड गास्केटवर, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलवर, बेतते.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीच हात घाला. दाबाखालचं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण गरम असताना झाकण सैल केलं की भसकन अंगावर येतं.

टाकीतलं कूलंट मोठ्या सिरिंजने काढा. नळी तोंडाने ओढू नका, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. पाइप दोन, वर बारीक आणि खाली जाड. मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. स्क्रू काढून टाकी उचलली की खाली लेव्हल सेन्सरचा प्लग दिसेल. तोही सोडवा.

खरं काम पाइपांचं. स्प्रिंग क्लिपचे कान पकडीने दाबून ती मागे सरकवा. पाइप चिकटलेला असतो. सरळ ओढू नका, आधी थोडा पिळा, म्हणजे सुटतो. मग टोक वाकवून बघा. बारीक भेगा असतील किंवा रबर फुगून मऊ पडलं असेल तर पाइपही नवाच घ्या. नाहीतर नव्या टाकीलाही तिथूनच गळती लागते. चढवताना टाकीचं पाइप बसतो ते तोंड पाण्याने ओलं करा. तेल-ग्रीस नको, त्याने रबर खराब होतं. पाइप शेवटपर्यंत बसवा आणि क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे आणा. झाकणही नवं घ्या, दाब त्यातला व्हॉल्व्हच सांभाळतो.

कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच घ्या, नुसत्या रंगावर जाऊ नका. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा, झाकण घट्ट करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्याही वर चढू लागला तर लगेच बंद करा. गाडी गार झाल्यावर पातळी उतरलेली दिसेल, कारण आतली हवा निघालेली असते. तेवढी भर घाला. पुढचे काही दिवस सकाळी पाइपांच्या तोंडाशी बोट फिरवून ओल बघत जा.

सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवा. ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात, आणि त्याने जीव जातो.