एनजीओमध्ये बक्षीस द्यायचं तर कसं द्यायचं?
आधी पगार बघा. तो वेळेवर आणि बरा नसेल तर ट्रॉफी, सर्टिफिकेट वगैरे देऊन काही होत नाही, उलट लोक चिडतात (आणि बरोबरच आहे त्यांचं).

मग पैशाचं बक्षीस. इथे जपून, कारण या कामात माणूस मुळात मनापासून आलेला असतो आणि प्रत्येक गोष्टीला रेट लावला की त्याला वाटायला लागतं की आपण पैशासाठीच करतोय. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये शाळेतल्या मुलांना घरोघरी देणगी गोळा करायला पाठवलं, काहींना जमलेल्या रकमेच्या 1 टक्का मोबदला देऊ केला, काहींना 10 टक्के, काहींना फक्त कामाचं महत्त्व सांगितलं, आणि सगळ्यात जास्त पैसे फुकट काम करणाऱ्यांनी आणले! सगळ्यात कमी 1 टक्कावाल्यांनी. म्हणजे किरकोळ इन्सेन्टिव्ह देण्यापेक्षा न दिलेला बरा.

त्यापेक्षा ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना टीमशी भेटवा, ट्रेनिंगला पाठवा, निर्णय घ्यायची मोकळीक द्या. कौतुक करताना नेमकं काय आवडलं ते सांगा, नुसतं 'छान' नको. बोनस द्यायचाच असेल तर काम झाल्यावर, अचानक द्या, आधी आमिष दाखवून नाही. आणि 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' प्लीज नको, एक खूश होतो, बाकीचे तोंड पाडून बसतात.