ट्रकच्या केबिनमधला आवाज: आधी फटी, मग शीट

केबिन शांत करायची म्हणून बरेच जण थेट जाड गालिचा किंवा फोम आणून चिकटवतात. पैसे जातात, आवाज तसाच राहतो. आधी फटी शोधा. अंधार पडल्यावर आत बसा आणि क्लीनरला बाहेरून, खालून टॉर्च फिरवायला सांगा. गिअर लिव्हरचं फाटलेलं रबरी बूट, पेडलांची भोकं, वायरिंग आत शिरते ती जागा, दरवाज्याचं दबून चपटं झालेलं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी. उजेड जिथून येतो, तिथूनच इंजिनाचा आवाज, धूळ आणि धूरही येतो. नवं बीडिंग आणि रबरी ग्रोमेट (वायरच्या भोकात बसणारी रबरी रिंग) यांवरचा थोडासा खर्च माझ्या मते सगळ्यात जास्त गुण देतो.

मग पत्रा. बोटाने वाजवून बघा. डब्यासारखा घुमेल तिथे ब्यूटाइलची शीट, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी चिकट रबरी शीट, लावा. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, मधला पाव ते तिसरा हिस्सा पुरतो. पत्रा तेलकट नको, शीट रोलरने घट्ट दाबा. डांबरी शीट घेऊ नका, उन्हात वास मारते आणि छतावरून सुटते.

इंजिनावरच्या झाकणाला मात्र आग न धरणारं, फॉइलचं इन्सुलेशनच हवं. तिथे थर्माकोल किंवा जुन्या गादीचा स्पंज कधीही नको, पेट घेतो. टर्बो आणि सायलेन्सरच्या पाइपापासून अंतर ठेवा. केबिन उचलून काम करणार असाल तर आधी बॅटरीची वायर काढा, आणि केबिनला टेकू लागल्याशिवाय खाली डोकं घालू नका.