अकारविल्हे लावायला शिकवताना या चुका टाळा

'क ख ग घ' घडाघडा म्हणणारं दुसरीतलं मूल पाच शब्द क्रमाने लावायला दिले की अडतं. घरचे म्हणतात, वर्णमाला कच्ची आहे, अजून दहा वेळा म्हणून घ्या. बहुतेकदा वर्णमाला कच्ची नसतेच, घोटाळा बाराखडीत असतो. त्यात आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या दप्तरात मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या. तिघींचे क्रम एकमेकांत मिसळतात आणि मुलाला बिचाऱ्याला ते कळतही नाही.

दर वेळी 'क'पासून सुरुवात

'न'च्या आधी काय, असं विचारा. मूल 'क'पासून पाढा सुरू करतं आणि मध्येच आपण काय शोधत होतो ते विसरतं. पाठांतर वाढवून हे सुटत नाही. फळ्यावर 5 ओळींत 5-5 अक्षरं लिहा: क, च, ट, त, प यांच्या ओळी. क घशातून, प ओठांतून, म्हणजे ओळी आतून बाहेर येतात. हे मुलांना तोंड उघडून करून बघायला फार आवडतं. मग 'य'पासून 'ळ'पर्यंतची 9 अक्षरं. अक्षर कितवं हे विचारू नका, कुठल्या ओळीत ते विचारा.

पहिले काही दिवस प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर वेगळं ठेवा. गावांची नावं चांगली, कारण ती बसच्या पाटीवर रोज दिसतात: अथणी, खानापूर, गोकाक, चिकोडी, निपाणी, बेळगाव, हुक्केरी. चिठ्ठ्या करा, सुतळीला चिमट्याने लावू द्या. वहीत खाडाखोड करण्यापेक्षा चिठ्ठी सरकवणं सोपं. ङ, ञ, ण, ळ यांनी सुरू होणारे शब्द मात्र शोधायला लावू नका. मराठीत असे शब्द सापडत नाहीत आणि मूल उगाच हिरमुसतं.

मात्रा सोडून पुढच्या अक्षरावर उडी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'कमळ' आणि 'काका' यांत आधी कोण? मूल म्हणतं, दोन्हीकडे क आहे, मग पुढचं बघू. म आणि क यांत क आधी, म्हणून काका आधी. तर्क चुकीचा नाही. इंग्रजीत असंच एकेक अक्षर पुढे जायचं असतं. मराठीत मात्र पहिलं अक्षर काना-वेलांटीसकट संपवायचं आणि मगच दुसऱ्याकडे वळायचं. म्हणून कमळ आधी, काका नंतर. कडोली, कागवाड, कित्तूर, कुडची ही चार गावं लावून घ्या, नियम तोंडी सांगावाच लागत नाही.

पहिली वेलांटी आणखी फसवते. 'कि' लिहिताना रेघ डावीकडे येते, म्हणून काही मुलं आधी वेलांटी वाचतात आणि 'कित्तूर' कुठे ठेवायचा तेच त्यांना कळत नाही. शब्द मोठ्याने म्हणायला लावा: आधी क, मग इ.

कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, दोघांना वेगळी अक्षरं. त्यामुळे तिथली बाराखडी लांब असते. एकाच तासाला दोन्ही भाषांचे शब्द लावायला देणं टाळा. एक दिवस मराठी, एक दिवस कन्नड, एवढं केलं तरी पुष्कळ गोंधळ कमी होतो.

टिंब कुठं ठेवायचं ओ बाई?

हा प्रश्न येणारच. बाराखडीत 'कं' शेवटी म्हणतात, शब्दकोशात मात्र टिंबवाला शब्द सहसा आधी येतो. मुलाच्या हाती जो शब्दकोश पडणार आहे तो उघडून बघा आणि तीच पद्धत वर्गात कायम ठेवा. मी शब्दकोशाकडे झुकते, कारण हे सगळं शिकायचं ते शेवटी शब्द शोधण्यासाठी. त्या पद्धतीने वरच्या चार गावांत कंग्राळी हे गाव घातलं तर ते सगळ्यांच्या आधी. मग मूल उत्साहाने 'कुंदा'सुद्धा उचलून कंग्राळीशेजारी ठेवतं. टिंब दिसलं की पुढे, असं त्याने ठरवलेलं असतं. 'कुं' ची जागा 'कु'जवळच. बरोबर क्रम असा: कंग्राळी, कडोली, कागवाड, कित्तूर, कुंदा, कुडची.

रफार आणि जोडाक्षरं

चौथीच्या आधी यांना हात लावू नये असं माझं मत. जोडाक्षर बाराखडी संपल्यावर येतं: 'कौल' आधी, 'क्रिकेट' नंतर. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात त्याच्या आधी येतो. कन्नडमधला रफार, म्हणजे अर्कावत्तु, पुढच्या अक्षराच्या उजवीकडे जातो, म्हणजे दोन्ही लिप्यांत 'र' आपल्या जागेवर नाही. 'कर्ण' हा शब्द क, र्, ण असा फोडून लिहायला लावा. मग करंजी, करडई, करवंद, कर्ण हा क्रम मूल स्वतः लावतं.

हजेरीपट आणि कॉम्प्युटर

शाळेतली यादी इंग्रजी स्पेलिंगने लावलेली असेल तर ओंकार मनालीच्या नंतर येतो. मराठी क्रमात तो आरतीच्या लगेच मागे, गौरीच्याही आधी. मूल रोज हजेरी ऐकून तोच क्रम खरा धरतं. यादी बदलता येत नसेल तर तीच नावं चिठ्ठ्यांवर लिहून मराठीत लावायला द्या.

सराव-कागद कॉम्प्युटरवर करणार असाल तर उत्तरं डोळ्यांनी तपासा. कॉम्प्युटर ज्या क्रमाने अक्षरं ओळखतो त्या युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या मागोमाग आहे. त्यामुळे काही प्रोग्रॅम 'काळा' आधी आणि 'कावळा' नंतर लावतात. शाळेच्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर, म्हणून कावळा आधी.